सातारा-सांगलीहून आर्क्टिक क्रूझला: प्राणी पाहायचे कसे, बर्फाळ किनाऱ्यावर उतरायचं कसं

जहाजाच्या स्पीकरवरून ध्रुवीय अस्वल दिसल्याची घोषणा झाली की पाच मिनिटांत डेकवर झुंबड उडते. समोर असतो एक फिकट पिवळसर ठिपका, पाऊण किलोमीटरवर, बर्फात पसरलेला. पंधरा मिनिटं काहीच घडत नाही. बोटं बधिर होतात, मानेतून वारा शिरतो, काहींना मळमळतं आणि निम्मी माणसं कॉफी प्यायला आत जातात. अस्वल उठतं, आळस देतं, सीलच्या श्वासाच्या भोकाशी जाऊन बसतं, तोवर पाऊण तास उलटून गेलेला असतो. ते दृश्य मिळतं डेकवर टिकून राहिलेल्यांना.

म्हणून या सहलीच्या तयारीचं एकच माप धरा: दोन तास उघड्यावर, वाऱ्यात, न हलता उभं राहता आलं पाहिजे. कपडे, गोळ्या, दुर्बीण, महिन्याची आणि जहाजाची निवड, सगळं या मापाने ठरवायचं. खाली सगळा हिशेब स्वालबार्डचा दिला आहे. नॉर्वेच्या उत्तरेला ७४ ते ८१ अंश अक्षांशांमधला हा द्वीपसमूह भारतातून जाणाऱ्यांसाठी आर्क्टिकचा सगळ्यात सोयीचा दरवाजा आहे. लाँगयिअरब्येन हे तिथलं मुख्य गाव. ओस्लोहून तिथे विमानाने जेमतेम तीन तास लागतात.

व्हिसा: इथे चुकलं तर पुढचं सगळं वाया

१९२० च्या पॅरिस करारानुसार स्वालबार्डवर नॉर्वेचं सार्वभौमत्व आहे. पण हा भाग शेंगेन क्षेत्राच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे आणि तिथे उतरायला व्हिसा लागत नाही. हे वाचून पुष्कळजण निर्धास्त होतात आणि तिथेच फसतात. स्वालबार्डला जायचं तर नॉर्वेतूनच जावं लागतं. ओस्लोला उतरलात की शेंगेनमध्ये पहिला प्रवेश झाला. लाँगयिअरब्येनच्या विमानात बसताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता आणि परत ओस्लोला आलात की दुसरा प्रवेश होतो. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीची वाटच बंद. त्यामुळे अर्जातच दोनदा किंवा अनेकदा प्रवेशाची मागणी करा, सोबतच्या पत्रात स्वालबार्डचा उल्लेख करून कारण लिहा आणि पासपोर्ट हातात आला की तिथल्या तिथे नोंद वाचून घ्या.

क्रूझ ग्रीनलँडला जाणार असेल तर शेंगेन व्हिसा आपोआप चालत नाही. त्यावर ग्रीनलँडसाठी वैध असल्याचा वेगळा शेरा असावा लागतो. काही जहाजं स्वालबार्डहून सुटून ग्रीनलँडमार्गे आइसलँडला संपतात. अशा वेळी प्रत्येक सीमा कागदावर क्रमाने लिहा आणि प्रवेश मोजा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निकालाला साधारण १५ दिवस लागतात, पण ४५ दिवसही लागू शकतात. उन्हाळ्यात मुंबईच्या केंद्रावर अपॉइंटमेंटची गर्दी असते. जुलैचं जहाज असेल तर मार्चअखेर कागद तयार ठेवा. विमा शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचा लागतो, पण या प्रवासाला तेवढा पुरेसा मानू नका. लाँगयिअरब्येनचं रुग्णालय छोटं आहे, गंभीर रुग्णाला विमानाने नॉर्वेच्या मुख्य भूमीवर न्यावं लागतं. पॉलिसीत वैद्यकीय स्थलांतर, क्रूझ प्रवास आणि ध्रुवीय प्रदेश हे तिन्ही शब्द आहेत का, हे एजंटला विचारून लेखी घ्या.

महिना ठरवणं म्हणजे प्राणी ठरवणं

लाँगयिअरब्येनला एप्रिलच्या विशीपासून ऑगस्टच्या विशीपर्यंत सूर्य मावळत नाही. या चार महिन्यांत प्रत्येक पंधरवड्याचा रंग वेगळा असतो.

मे आणि जूनचा पहिला पंधरवडा हा बर्फाचा काळ. किनारे पांढरे असतात, फ्योर्डमध्ये, म्हणजे जमिनीत खोल घुसलेल्या अरुंद खाड्यांमध्ये, गोठलेला समुद्र शिल्लक असतो, त्यावर सील पहुडलेले असतात आणि सीलमागे अस्वलं. पारा शून्याच्या आसपास किंवा खाली. ज्यांना बर्फाळ किनारे हीच मुख्य हौस आहे त्यांनी हाच काळ घ्यावा. मात्र बर्फामुळे जहाज फार उत्तरेला आणि पूर्वेला जाऊ शकत नाही, हेही धरून चाला.

जूनअखेर ते जुलै हा पक्ष्यांचा काळ. हिनलोपेन सामुद्रधुनीतल्या आल्केफ्येलेट या कड्यावर ब्रुनिच गिलेमॉट पक्ष्यांच्या सुमारे ६०,००० जोड्या असतात. शंभर मीटरहून उंच काळे खडक, प्रत्येक कंगोऱ्यावर दाटीवाटीने उभे पक्षी आणि खाली रबरी बोटीत बसलेल्या माणसाला शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये इतका कलकलाट. जुलैच्या उत्तरार्धात तिथे आणखी एक प्रकार पाहायला मिळतो. तीनेक आठवड्यांची, अजून उडता न येणारी पिल्लं कड्यावरून खाली झेप घेतात आणि बापाबरोबर पोहत समुद्रात निघून जातात. चुकून जमिनीवर पडलेल्या पिल्लासाठी खाली आर्क्टिक कोल्हा आणि मोठा ग्लॉकस कुरव टपलेले असतात.

ऑगस्टमध्ये बर्फ खूप मागे हटतो, मुख्य बेटाला पूर्ण फेरी मारता येते, वॉलरस (लांब सुळ्यांचे, सीलसारखे धिप्पाड प्राणी) आणि देवमासे चांगले दिसतात. किनारे मात्र तपकिरी-हिरवे दिसतात आणि कडे रिकामे होत जातात. सप्टेंबरमध्ये अंधार परततो, उत्तर ध्रुवीय प्रकाशाची शक्यता निर्माण होते आणि प्राणी पाहायचे तास कमी होतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याला एकच महिना सांगायचा तर जूनचा दुसरा पंधरवडा. बर्फही असतो, पक्षीही असतात.

जहाज निवडताना काय विचाराल

१ जानेवारी २०२५ पासून स्वालबार्डचे नियम कडक झाले. संरक्षित क्षेत्रांत २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेलं जहाज जाऊ शकत नाही आणि तिथे किनाऱ्यावर उतरायला ४३ जागाच नेमून दिल्या आहेत. मोठ्या आलिशान क्रूझवर स्वस्तात जागा मिळते, पण ती जहाजं चांगल्या भागांच्या बाहेरूनच फिरतात. शंभराच्या आसपास प्रवाशांचं मोहीम-जहाज घ्या, जमलं तर त्याहून लहान.

बुकिंग करताना चार प्रश्न विचारा. रबरी बोटी किती? सगळे प्रवासी एकाच वेळी उतरू शकतात की पाळ्या लागतात? गाइड किती, त्यांत पक्षी आणि सागरी सस्तन प्राण्यांचे जाणकार किती? रबरी बूट आणि बाहेरचं जाकीट जहाजावर मिळतं का? पाळ्या असतील तर तीन तासांच्या थांब्यात तुमच्या वाट्याला दीडच तास येतो. हे माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यभागी घ्या. तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात आणि दरही कमी असतो. बाल्कनीचा खर्च टाळा. बाल्कनीतून एकच बाजू दिसते आणि प्राणी बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूला असतो.

शाकाहारी जेवणाची सूचना बुकिंगच्या फॉर्मवरच द्या, जहाजावर चढल्यावर नको. घरचं काही न्यायचं तर शेंगदाण्याची चटणी, भाजणी, तासगावचे बेदाणे हे ठीक. कंदी पेढे मात्र घरीच ठेवा. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत.

कपडे: पारा नव्हे, वारा मोजा

जुलैत लाँगयिअरब्येनचं सरासरी तापमान सहा-सात अंश असतं. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी थंडीत दव गोठलेलं पाहिलेल्यांना हा आकडा मामुली वाटेल. पण रबरी बोट ताशी तीस-चाळीस किलोमीटरने धावते. हवा २ अंश आणि वारा ताशी ४० किलोमीटर असेल तर उघड्या त्वचेला ती उणे ५ सारखी लागते. त्यात अंगावर खारं पाणी उडतं आणि तुम्ही हालचाल करत नसता. चालणाऱ्याचे कपडे आणि बसून राहणाऱ्याचे कपडे यांत फरक असतो, तो इथे कळतो.

तीन थर घाला. अंगालगत मेरिनो लोकरीचा किंवा चांगल्या सिंथेटिकचा पूर्ण बाह्यांचा सेट, वरखाली दोन्ही. त्यावर फ्लीस किंवा लोकरी स्वेटर. सर्वांत बाहेर पाणी आणि वारा अडवणारं जाकीट आणि तशीच पँट. सुती बनियन आणि जीन्स अजिबात नको. सूत घाम धरून ठेवतं आणि ओलं सूत अंगातली ऊब ओढून घेतं. जीन्स घालून बोटीत बसलेला माणूस अर्ध्या तासात परत जायची वाट पाहू लागतो.

बाहेरच्या पँटचा पाय बुटाच्या वरून सोडायचा, बुटात खोचायचा नाही. खोचला तर लाट आली की पाणी पँटवरून थेट बुटात उतरतं. ही चूक पहिल्या दिवशी हमखास होते. बूट एक माप मोठे घ्या. दोन जाड मोजे कोंबून घट्ट झालेल्या बुटात रक्त फिरत नाही आणि पाय आणखी गार पडतात. एक पातळ आणि एक जाड मोजा, वर बोटं हलवायला जागा, एवढं पुरे. हातात पातळ मोजे आणि त्यावर चार बोटं एकत्र असणारे जाड मोजे, म्हणजे फोटोपुरता वरचा काढता येतो. मान आणि नाकासाठी गळपट्टी, कान झाकणारी टोपी आणि अतिनील किरण अडवणारा गडद चष्मा. ताजा बर्फ ऊन खालून वर फेकतो, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखालीही लावा.

हे सगळं विकत घेऊन थेट विमानात बसू नका. घरी परीक्षा घ्या. वारा तपासायला जानेवारीच्या पहाटे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली तासभर नुसतं उभं राहा. गारवा कुठून शिरतो ते तिथे कळेल, बहुधा मनगट आणि कंबर. पाणी तपासायला भर पावसात ठोसेघरला जा आणि ओल्या कट्ट्यावर अर्धा तास बसा. पँट बुडाशी पाझरते का, हे बसल्याशिवाय कळत नाही. बोटीत तर बसायचंच असतं.

गुडघे आणि पोट

जहाजातून बोटीत उतरताना हलत्या शिडीवरून एक मोठं पाऊल टाकावं लागतं. बर्फाळ चढावर पाय घसरतो, ओल्या गोट्यांवर मुरगळतो. तीन महिने आधीपासून आठवड्यातून तीनदा अजिंक्यतारा, सांगलीकरांनी दंडोबाचा डोंगर, पाठीवर चार-पाच किलोची सॅक घेऊन चढा आणि विशेषतः उतरा. एका पायावर तीस सेकंद उभं राहण्याचा सराव रोज करा. घरात नळीसारखी गोल उशी असेल तर तिच्यावर बसून पाय एका बाजूकडून दुसरीकडे न्यायचा सराव करा, बोटीच्या कडेवर हेच करायचं असतं.

फ्योर्डच्या आत पाणी शांत असतं, पण खुल्या समुद्रात जहाज आलं की पोट ढवळतं. जहाज लागणाऱ्या माणसाने गोळी लाटा सुरू व्हायच्या तासभर आधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर पोटात काही टिकत नाही. अव्होमिनसारख्या गोळ्यांनी झोप येते. रक्तदाबाची किंवा इतर औषधं चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना आधी विचारा आणि डॉक्टर हो म्हणाले तर घरीच एखाद्या सुटीच्या दिवशी घेऊन आपल्याला किती गुंगी येते ते पाहा. आपल्या सातारी आल्याची वडी खिशात ठेवाच, बऱ्याच जणांना तिने आराम पडतो. उपाशीपोटी राहू नका, फोनमध्ये पाहू नका, बाहेर येऊन क्षितिजावर नजर ठेवा.

रोजची औषधं दुप्पट न्या आणि हातातल्या बॅगेत ठेवा. लाँगयिअरब्येनला जहाज सुटायच्या निदान एक दिवस आधी पोचा. सामान ओस्लोला राहिलं तर जहाज तुमच्या सुटकेससाठी थांबणार नाही. म्हणूनच लोकरी सेट, टोपी, हातमोजे आणि दुर्बीण हातातल्या बॅगेत, बाकी सुटकेसमध्ये.

डेकवर उभं राहून प्राणी शोधणं

दुर्बीण ८x४२ ची घ्या. आठ पट मोठं दिसतं आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगातून धुक्यातही पुरेसा उजेड येतो. १० पट घेण्याचा मोह होतो, पण जहाजाच्या थरथरीत चित्र नाचतं आणि डोकं दुखतं. दोघांत एक दुर्बीण नेऊ नका. ज्या दहा सेकंदांत देवमाशाची शेपटी वर येते, त्या दहा सेकंदांत ती नेमकी दुसऱ्याच्या हातात असते.

सराव घरापासून सुरू करा. खटाव तालुक्यात मायणी आणि येरळवाडीच्या तलावांवर हिवाळ्यात छोटा टिलवा येतो. चिखलात टुकटुक चोच मारणारा, चिमणीएवढा करडा पक्षी. त्याची वीण आर्क्टिकच्या टुंड्रातच, म्हणजे तिथल्या उंच झाडं नसलेल्या गोठलेल्या माळरानावरच, होते. उडत्या टिलव्यांचा थवा दुर्बिणीत पकडून धरता आला की लाटांवरून गोळीसारखे जाणारे लिटल ऑक हे छोटे समुद्रपक्षीही पकडता येतात. युक्ती एकच: नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची, मान खाली घालून दुर्बीण शोधायची नाही.

अस्वल शोधताना समोरचा देखावा पट्ट्यांत तोडा. आधी किनाऱ्याची रेघ, मग बर्फाच्या तुकड्यांच्या कडा, मग उतार. दुर्बीण उजवीकडून डावीकडे सरकवा. वाचनाच्या सवयीने डावीकडून उजवीकडे डोळा भरभर धावतो, उलट दिशेने तो आपोआप सावकाश जातो. अस्वल पांढरं नसतं, मलईच्या किंवा जुन्या लोकरीच्या रंगाचं असतं. ताजा बर्फ पांढरा आणि निळसर, मळका बर्फ तपकिरी, त्यामुळे पिवळट दिसेल तिथे थांबा. दगड की अस्वल कळत नसेल तर जागा ध्यानात ठेवा आणि दहा मिनिटांनी परत पाहा. बर्फावर एकाच ठिकाणी कुरव घिरट्या घालत असतील तर तिथे शिकार पडलेली असू शकते.

दिसलं की ओरडू नका. जवळच्या गाइडला घड्याळाच्या भाषेत सांगा: जहाजाचं पुढचं टोक म्हणजे बारा, उजवी बाजू तीन, डावी नऊ. ‘दोन वाजता, किनाऱ्यापासून दोन बोटं वर, काळ्या खडकाच्या डावीकडे.’ एवढ्याने सगळ्यांना सापडतं.

देवमाशांचा आधी फवारा दिसतो. निळ्या देवमाशाचा उंच सरळ खांब, हंपबॅकचा झुडपासारखा पसरट, मिंकीचा बहुधा दिसतच नाही, नुसती कोयत्यासारखी वळलेली पर चमकून जाते. बेलुगा हे पांढरे देवमासे हिमनदीच्या तोंडाशी किनाऱ्याला धरून कळपाने चालतात. लांबून लाटांचे फेस वाटतात. फेस विरतो, बेलुगा विरत नाही, हा फरक. करड्या रंगाची दिसतात ती पिल्लं. हिमनदीच्या तोंडाशी किटिवेक पक्ष्यांची झुंबडही पाहा. बर्फाखालून वितळलेलं पाणी वर उसळतं, त्याबरोबर खाद्य वर येतं.

अस्वलापासून अंतर कायद्याने ठरलेलं आहे: १ मार्च ते ३० जून ५०० मीटर, उरलेलं वर्ष ३०० मीटर. त्याहून जवळ अचानक दिसलं तर जहाजाला किंवा बोटीला शांतपणे मागे हटावं लागतं. १९७३ च्या ओस्लोतल्या करारापासून तिथे त्याची शिकार बंद आहे, आणि ज्या अस्वलाला आपल्यामुळे सीलची शिकार सोडावी लागते त्याचा आख्खा दिवस वाया जातो. जवळ चला म्हणून गाइडच्या मागे लागू नका. चांगला गाइड ऐकणार नाही, आणि ऐकणाऱ्याबरोबर जाऊ नये.

रबरी बोट आणि किनारा

बोटीत जाण्याचा क्रम पाठ करून ठेवा:

१. केबिनमध्ये कपडे चढवण्याआधी शौचाला जाऊन या. किनाऱ्यावर सोय नाही आणि आडोसाही शोधायचा नाही.
२. लाइफ जाकीट बाहेरच्या जाकिटाच्या वरून घालायचं. दुसरा जाड कोट त्यावर चढवला तर ते फुगताना छाती आवळतं.
३. जिन्याजवळ आपल्या नावाची पट्टी उलटायची किंवा कार्ड दाखवायचं. कोण बाहेर आहे हे त्यावरूनच कळतं. विसरलात तर सगळ्या जहाजाची मोजणी होते आणि बाकीच्यांचा वेळ जातो.
४. बूट जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये बुडवायचे.
५. सॅक आधी खलाशाकडे द्यायची, दोन्ही हात मोकळे. खलाशाचा हात पंजाला नव्हे, कोपराखाली मनगटाजवळ धरायचा, तोही तसाच धरेल. ओले पंजे सुटतात, मनगटं सुटत नाहीत.
६. खलाशी सांगेल तेव्हाच पाऊल टाका: आधी बोटीच्या फुगीर कडेवर किंवा पायरीवर, मग तळावर, आणि लगेच बसा. बसल्या बसल्या सरका. उभं राहायचं तर चालकाला विचारून, एका वेळी एकानेच.

किनाऱ्याला लागल्यावर कडेवरून पुढे सरकत या, गाइड दाखवेल त्या बाजूला पाय बाहेर काढा आणि पोटरीभर पाण्यात उतरा. लाट ओसरते तेव्हा उतरायचं. घाई करणाराच बुटात पाणी घेतो.

तुमच्या आधी बंदूकधारी गाइडनी परिसर पाहून घेतलेला असतो. ते उंचवट्यांवर उभे राहतात आणि त्यांच्या आखलेल्या टापूबाहेर एक पाऊलही टाकायचं नाही. फोटोसाठी मागे रेंगाळणारा माणूस गटासाठी धोका असतो, कारण धुकं उतरलं की दोनशे मीटरवरचंही काही दिसत नाही. परत फिरण्याचा इशारा झाला की प्रश्न न विचारता, न धावता बोटीकडे चला.

वॉलरस पाहायला पूलेपिंटेनसारख्या वाळूच्या टोकावर नेतात. वारा तुमच्याकडून त्यांच्याकडे जात नसावा, म्हणून लांबचा वळसा घ्यावा लागतो. एका रांगेत, हळू, मधे मधे थांबत जायचं आणि साधारण तीस मीटरच्या आत जायचं नाही. पिल्लं असतील तर आणखी लांब. समुद्राकडची त्यांची वाट मोकळी ठेवायची. आधी उग्र वास येतो, मग ढेकर आणि घोरणं ऐकू येतं, मग तपकिरी-गुलाबी ढीग हलताना दिसतो. एक-दोन डोकी वर उठली तर थांबा. सगळीच उठू लागली तर मागे या. एक बिथरला की कळप पाण्याकडे पळतो आणि टनभर वजनाच्या जनावरांखाली पिल्लू चिरडू शकतं. १९५२ पर्यंत इथे वॉलरसची इतकी शिकार झाली की ते संपत आले होते. संरक्षण मिळाल्यावर हळूहळू परतले आहेत.

आर्क्टिक सुरय हा समुद्रपक्षी आहे; ती डोक्यावर झेपा घेऊन टोचायला लागली तर तुम्ही तिच्या अंड्यांजवळ आहात असं समजा. हात किंवा काठी डोक्यापेक्षा उंच धरा, ती सर्वांत उंच टोकावर हल्ला करते. पायाखाली पाहत आल्या वाटेने परत फिरा. अंडी गोट्यांत मिसळून गेलेली असतात.

टुंड्रावर चालायची शिस्त कास पठार नीट पाहिलेल्याला समजावून सांगावी लागत नाही. तिथली ध्रुवीय विलो ही झाड असूनही बोटभर उंचीची असते आणि शेवाळात उमटलेली पावलं वर्षानुवर्षं राहतात. बर्फ, खडक, गोटे असतील तिथून चला. फूल तोडायचं नाही, हाडं, शिंगं, दगड उचलायचे नाहीत. १९४६ च्या आधीची माणसाची प्रत्येक खूण, अगदी गंजलेला खिळासुद्धा, तिथे कायद्याने संरक्षित आहे. बर्ड फ्लूच्या धास्तीमुळे किनाऱ्यावर बसायचं नाही आणि सॅक जमिनीवर टेकवायची नाही. खाण्याचे पदार्थही नेऊ नका, बेदाणे जहाजावरच खा.

बर्फाच्या उतारावर काठ्या वापरा. चढताना बुटाचं टोक मारून पायरी करा, उतरताना टाच आधी रोवा आणि गुडघे किंचित वाकलेले ठेवा. गाइडच्या पावलांत पाऊल टाका, कारण बर्फाखालून ओढा वाहत असला तर वरून कळत नाही. हिमनदीच्या कड्यासमोर बोट निदान दोनशे मीटर लांब थांबते. मोनाकोब्रीनसारख्या हिमनदीपाशी निळ्या भिंतीतून तोफेसारखा आवाज येतो. आवाज पोचेपर्यंत तुकडा पाण्यात कोसळलेला असतो, म्हणून आवाजाकडे न पाहता भिंतीच्या भेगांवर नजर ठेवा. कोसळलं की लाट येते. कॅमेरा सोडा आणि दोरी धरा.

कॅमेरा

१०० ते ४०० मिलिमीटरची झूम लेन्स पुरते. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० सेकंद, बोटीतून बसलेल्या प्राण्याला १/१००० च्या खाली नको. बर्फाने चौकट भरली की कॅमेरा सगळं करडं करतो, म्हणून एक्स्पोजर +०.७ ते +१.३ वाढवा. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. दोन जादा बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात ठेवा आणि गार झालेली ऊब देऊन पुन्हा वापरा. आत येण्याआधी बाहेरच कॅमेरा प्लास्टिकच्या बंद पिशवीत घाला आणि तासभर उघडू नका. नाहीतर ऊबदार हवेचं दव भिंगाच्या आत धरतं आणि दुपारचा फेरा बुडतो. ड्रोन घरी ठेवा.

न्यू-ऑलेसुंडला जहाज गेलं तर फोन विमान-मोडवर टाका, वायफाय आणि ब्लूटूथही बंद करा. तिथल्या रेडिओ दुर्बिणीला त्याचा अडथळा होतो. ७९ अंशांवरच्या या गावात २००८ पासून भारताचं हिमाद्री हे संशोधन केंद्र आहे. आत जाता येत नाही, बाहेरून पाहता येतं. जवळच १९२६ मध्ये ध्रुवीय संशोधक आमुंडसेनचं नॉर्गे हे हवाई जहाज बांधलं होतं तो उंच खांब उभा आहे.

रात्रीची पाळी

मध्यरात्री दोन वाजताही ऊन असतं, म्हणून झोपेला डोळ्यांची पट्टी न्या आणि जेवणानंतर लगेच तीन-चार तास झोपून घ्या. जहाज बर्फाच्या कडेने चालत असेल तेव्हा पहाटेचा डेक रिकामा असतो, इंजिन सावकाश असतं आणि ऊन तिरपं पडलेलं असतं. थर्मासमध्ये चहा भरून चार जणांनी तासातासाच्या पाळ्या लावा. एकाला दिसलं की बाकीच्यांच्या दारावर टकटक.

शेवटच्या रात्री सुटकेसा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. पासपोर्ट, औषधं, मेमरी कार्ड आणि एक गरम थर सॅकमध्ये काढून ठेवा. लाँगयिअरब्येनच्या धक्क्यावर बस यायला वेळ लागतो आणि तिथे वारा चांगलाच असतो. बुटांच्या तळातले खडे जहाजावरच ब्रशने काढून टाका. आणि ओस्लोला पासपोर्टच्या रांगेत उभे राहाल तेव्हा व्हिसाचं पान उघडून हातात धरा.